दोन झेलिया

"आणि आता गंमत ऐका," मी हातातला कागद उंच धरून म्हणालो, "आमच्या चर्चच्या वहीप्रमाणे झेलियामावशी शहात्तर वर्षांपूर्वीच वारल्यात!"

सभागृहात एकच हशा पिकला. झेलिया ब्रीसॉनचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता तो. रविवारची प्रार्थना आटोपून सगळं गोत जमलं होतं. मटणाचं सारण भरलेल्या पेस्ट्र्या संपत आल्या होत्या. तिचा भाचा जेरार ओरडला, "मग पेन्शन कोण खातंय गं, मावशी?"

मी आणखी फुगलो. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून गावातल्या घराघराच्या वंशावळी मीच काढतो. ब्रीसॉन मंडळींना मी थेट त्यांच्या मूळ पुरुषापर्यंत नेलं होतं. फ्रान्सहून राजाच्या पलटणीबरोबर समुद्र ओलांडून इकडे आलेला ढोलकरी, मातुरँ ब्रीसॉन उर्फ तांबूर, म्हणजे फ्रेंचमध्ये ढोल. पलटणीत मिळालेलं ते उर्फ त्याच्या नातवंडांनीही नावापुढे लावलं होतं. ते सांगताना टाळ्या पडल्या होत्या. पण दफनाच्या नोंदीतली ही ओळ मला हिवाळ्यातच सापडली होती. झेलिया ब्रीसॉन, वय दोन वर्षं, ऑगस्ट १९२०. ती मी या दिवसासाठी राखून ठेवली होती.

झेलियामावशी हसत नव्हती.

"रोझेर," ती म्हणाली, "ती कोण?"

मी चाचरलो. "तुमची थोरली बहीण असणार, मावशी. जुनी रीत होती ना, मूल गेलं की पुढच्याला तेच नाव द्यायचं. तुम्हाला ठाऊकच असेल..."

"मला कुणी सांगितलं नाही."

तेवढ्यात केक आला आणि लोक गाऊ लागले. मीही गायलो. चाळीस वर्षं चर्चच्या गायकवृंदात उभा राहिलेला माणूस मी. पण त्या दिवशी माझा आवाज माझ्याच कानांना नकोसा झाला.

दुसऱ्या दिवशी टोपी हातात घेऊन तिच्या दारात गेलो. ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती.

"ये. उभा का? काल तर चांगला चढून बोलत होतास."

"मावशी, चुकलो मी. मला माहीत होतं ती तुम्ही नव्हे. नुसतं हसू यावं म्हणून..."

"आलं की हसू. जेरारचे दात पडायचे राहिले." तिने एक बटाटा पाण्यात टाकला. "आमची आई संध्याकाळी दारात जाऊन हाक मारायची. झेलिया! झेलिया! आणि मी इथं, चुलीपाशी बसलेली. मी म्हणायचे, आई, मी घरातच आहे. ती म्हणायची, हो गं, माहीत आहे. मला वाटायचं, आईला मी दिसतच नाही. माझंच काहीतरी चुकतंय."

माझ्या हातातल्या टोपीची कड चुरगळून गेली होती.

"वंशावळीचा नवीन कागद काढून देतो," मी पुटपुटलो.

"दे. दोन चौकोन काढ. तिचा आधी." सुरी ठेवून तिने हात पुसले. "कुठे पुरलंय तिला?"

"लहान मुलांना उत्तरेच्या कुंपणालगत ठेवायचे. नावाचा दगडबिगड नाही तिथे, मावशी."

"दगड कुणी मागितला? गाडी काढ."

दफनभूमीच्या फाटकाशी तिने मला हाताने थांबवलं. नदीवरून वारा येत होता. काठी टेकत ती कुंपणापर्यंत गेली. तिथे नुसतं गवत होतं. मला वाटलं, जपमाळ काढेल, प्रार्थना म्हणेल. ओठांवर आमेन तयार ठेवून मी वाट पाहू लागलो.

तिने दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि जेवायला बोलवावं तशी हाक मारली.

"झेलिया!"

मग मान किंचित कलती करून उभी राहिली. मी टोपी छातीशी धरून फाटकाबाहेरच थांबलो. आत जायचं धाडस मला झालं नाही.