अर्ध्या कोयत्याची नेमणूक

उमापूरच्या रस्त्याला भगवानरावांची कापसाची जिनिंग मिल आहे. तिथे प्रविण मनुष्यबळ व्यवस्थापक म्हणून लागला तेव्हा मालकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "माणसं किती लागतील?" प्रविण अंबाजोगाईला दोन वर्षं हेच शिकला होता. त्याने बाहेर येऊन वडिलांना फोन लावला.

अर्जुनराव तीस वर्षं ऊसतोडीचे मुकादम. ते म्हणाले, "वीस कोयते घे. जास्त घेतले तर बसून ऱ्हातेत."

कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. प्रविणने फॉर्मवर वीस लिहिले, कामावर चाळीस आले. नवऱ्यांनी गाठी उचलायच्या, बायकांनी कापसातला कचरा निवडायचा. संगणकात नावं वीस, सगळी नवऱ्यांची. हजेरीला जोडीमागे एक टिक. मालकांना हे नियोजन इतकं पटलं की त्यांनी प्रविणच्या केबिनला पंखा बसवला.

दिवाळीनंतर पंडित छातीत कळ येऊन वारला. तेरावं झाल्यावर त्याची बायको कौशल्याबाई एकटीच आली आणि कचरा निवडायला बसली. हजेरीला टिक होत राहिली. तीन महिन्यांनी मालकांच्या लक्षात आलं.

"अर्धा कोयता कावून ठेवलाय बे?"

"मालक, तिचा नवरा..."

"म्हाईत हाय. मी गेलतो की मातीला. सोडून दे तिला, अन् पुरा कोयता बघ."

प्रविणने कार्यमुक्तीचं पत्र काढायला घेतलं. संगणक कौशल्याबाईंना ओळखेना. पंडितला मात्र चांगलं ओळखत होता. तीन महिन्यांत त्याचा एकही खाडा नव्हता. शेवटी पत्र त्याच्याच नावाने निघालं. कारणांच्या यादीत मृत्यू नव्हता, म्हणून 'स्वेच्छेने' निवडलं.

कौशल्याबाई सातवी शिकलेल्या. त्यांनी उभ्याउभ्याच पत्र वाचलं.

"हे त्यांचं हाय."

"हो मावशी. पण आहे तुमच्यासाठी."

"त्यांना सोडा की. ते गेलेच हायेत. मी कधी लागलते इथं?"

"तसं नसतं मावशी, सोडायचं म्हणजे..."

"मग आदी मला लावून घ्या. मग सोडा."

त्या चिडून बोलल्या नाहीत. तांब्याभर पाणी मागावं तसं मागितलं. प्रविणला यात काही चूक दिसेना. त्याने नेमणुकीच्या छापील नमुन्यात त्यांचं नाव घातलं, सही केली, शिक्का मारला. कौशल्याबाई खुर्चीवर बसल्या आणि बोट फिरवत शेवटपर्यंत वाचत गेल्या. मग बोट एका जागी थांबलं.

"सहावं कलम वाचा."

प्रविणने वाचलं. लेखी नोटीस दिल्यापासून एक महिना कामावरून काढता येणार नव्हतं. नमुना कुठूनतरी उतरवून घेतलेला होता. सहाव्या कलमापर्यंत आजवर कोणी आलंच नव्हतं, प्रविणसुद्धा.

"मंजी महिना हाय."

"महिना आहे."

"बरं."

त्यांनी दोन्ही पत्रं एकात एक घडी करून पिशवीत टाकली आणि कापसापुढे जाऊन बसल्या.

प्रविणने मालकांना कळवलं. मालक म्हणाले, "मग दे नोटीस." दुसऱ्या दिवशी सकाळी तो नोटीस टाइप करायला बसला, तर केबिनच्या दारात बाकीच्या एकोणीस बायका उभ्या. सुंदरबाई पुढे.

"सायेब, आमालाबी लावून घ्या."

"तुम्हांला कोण सोडतंय?"

"कुणी न्हाई. पर नवरा मरायची वाट कावून बघायची?"

मागच्या दोघीतिघी हसल्या. सुंदरबाई हसल्या नाहीत.

प्रविणने वडिलांना फोन लावला. "अण्णा, चाळीस माणसं लागतेत."

"चाळीस?" अर्जुनराव म्हणाले. "एवढी कशाला? वीस कोयत्यांत भागतंय की."

त्याने फोन ठेवला, कौशल्याबाईंची नोटीस पुसली आणि नेमणुकीचा कोरा नमुना उघडला.

"नाव सांगा."

"कुणाचं?" सुंदरबाईंनी विचारलं.