अंपारोबाईंसाठी लावलेले स्पीकर

एलिसेओला बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. शाळेच्या बसची इंजिनं दुरुस्त करण्यात त्याचा उभा जन्म गेला, आणि इंजिनाशी कोण गप्पा मारतं? बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. हल्ली दर रविवारी तो शेजारच्या अंपारोबाईंना आपल्या गाडीतून चर्चला न्यायचा. त्याही एकट्याच. वाटभर त्या बोलायच्या आणि हा बापडा मान डोलवत 'हो हो' करायचा. पण आता बाईंची लेक त्यांना कायमचं डॅलसला बोलावत होती आणि या रविवारी तिला उत्तर द्यायचं होतं. बाईंनी जाऊ नये असं एलिसेओला अगदी मनापासून वाटत होतं. सांगायची मात्र छाती होत नव्हती.

एकदा बाई सहज म्हणाल्या होत्या, "तुमचा रेडिओ म्हणजे नुसती कुरकुर हो!" पठ्ठ्यानं तेवढंच धरून ठेवलं. शनिवारी सकाळी अंगणात गाडीची चारी दारं सताड उघडून तो कामाला लागला. दारांत नवे स्पीकर, सीटखाली अँप्लिफायर, डिकीत घुमणाऱ्या बास-स्पीकरचा भला मोठा खोका. डॅशबोर्ड कापायचं जिवावर आलं म्हणून कंपनीचा रेडिओ तेवढा जागच्या जागी राहू दिला.

त्याची थोरली बहीण चेलो ओसरीवर राजमा निवडत बसली होती. "काय रे, बाईंना ऐकवायचंय की अख्ख्या सॅन अँटोनिओला?"

"ताई, जरा टॉर्च धर ना."

"धरते की. या वयात तुझे हे थेर बघायला उजेड हवाच."

रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून स्वारी तयार. अंपारोबाई येऊन बसल्या. त्यांचं एक ठरलेलं असायचं: आधी पर्स नीट ठेवायची, मग शाल, मग आरशात केस बघायचे आणि सगळ्यात शेवटी पट्टा. तोवर गाडी आपली बारीक आवाजात टिंगटिंग करत राहायची. आता गंमत अशी, की त्या गाडीत ही टिंगटिंगसुद्धा रेडिओतूनच यायची, आणि इंजिनं कोळून प्यायलेल्या या माणसाला ते ठाऊकच नव्हतं.

ढांग! ढांग! ढांग!

काचा थरथरल्या. गल्लीतली कुत्री भुंकत सुटली. समोरच्या घरातले रामिरो बापलेक गंजीफ्रॉकवरच बाहेर धावत आले.

"पट्टा! बाई, पट्टा लावा!" एलिसेओ ओरडला. घाबरलेल्या बाईंना पट्ट्याची कडी सापडेना. ओसरीवर चेलो पोट धरून हसत होती.

शेवटी एकदाचा पट्टा लागला, आणि लगेच अकॉर्डियनचं गाणं दणक्यात सुरू झालं. खोटं कशाला बोला, वाजत होतं झकास! एलिसेओ खुशीत मान डोलवत गाडी हाकत होता. बाईंचे ओठ हलताना दिसत होते. चर्चचा रस्ता लागला तेव्हा मात्र ते हलायचे थांबले आणि बाई खिडकीबाहेर बघत बसल्या. एलिसेओ मान डोलवायचा थांबला. या बाईला गप्प बसलेलं त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

चर्चसमोर गाडी कडेला घेऊन त्यानं बॉनेट उघडलं आणि बॅटरीजवळ बसवलेला अँप्लिफायरचा फ्यूज उपटला. गाडीत एकदम शांतता झाली. तो परत येऊन बसला.

"बंद का केलंत? चांगलं चाललं होतं की तुमचं," बाई म्हणाल्या.

"तुम्ही काहीतरी म्हणत होता. मला ऐकूच आलं नाही."

"ऐकू आलं नाही?" बाई वळून त्याच्याकडे बघतच राहिल्या. "अहो, डॅलसला जाऊ का म्हणून विचारत होते! एकदा नाही, तीनदा. आणि प्रत्येक वेळी तुम्ही आपली ही अशी मान डोलावलीत. म्हटलं, याला तर आनंदच झालेला दिसतोय."

"नाही!" एलिसेओच्या कानांत अजून दडे बसलेले होते. आपण केवढ्यानं ओरडतोय याचा त्याला पत्ताच नव्हता. "जाऊ नका! मला नाही करमायचं तुमच्याशिवाय!"

चर्चच्या पायऱ्या चढणारी माणसं थबकली. पाद्रीबाबाही वळले.

अंपारोबाईंनी शाल सारखी केली, पर्समधून फोन काढला आणि लेकीला लावला.

"नाही गं, येत नाही मी," त्या म्हणाल्या. "छे, छान आहे तब्येत. कान तेवढे दुखताहेत."