मानेचा होकार

संघमित्रा पहिल्या मुलाखतीत पडली ती मानेमुळं. भाषेत ती कुठं अडखळली नव्हती. बालाघाटच्या दवाखान्यातली नर्सची ड्यूटी सांभाळून, डोळ्यांवर पाणी मारून ती जर्मन शिकली होती आणि तिथल्या क्रियापदांनी तिचा जितका छळ केला तितका कुठल्या पेशंटनं केला नव्हता. ती क्रियापदंही तिनं शेवटी वठणीवर आणली. मान राहून गेली.

जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमाला नर्स हव्या होत्या. तिथल्या केलरबाईंनी मोबाइलच्या पडद्यावरून विचारलं, रात्रपाळी करशील का? संघमित्रा ‘या’ म्हणाली. जर्मनीत होकाराला ‘या’च म्हणतात. पण म्हणताना तिची मान सवयीनं या खांद्याकडून त्या खांद्याकडं डोलली. मग बाईंनी विचारलं, आश्रमातलं कुणी वारलं तर मुलांना कसं सांगशील? तेव्हा तिच्या ओठांवर जरासं हसू आलं. परक्यासमोर दुःखाची गोष्ट निघाली की ओठ आपोआप ताणले जातात. ते हसू नसतंच, अवघडलेपणावर ओढलेला पदर असतो. पण ते तिकडं कोण सांगणार?

संध्याकाळी चंद्रशेखर सरांचा फोन आला. ते नागपूरहून ऑनलाइन जर्मन शिकवत आणि अशा मुलाखती जुळवून देत.

“त्या म्हणतात, मुलगी रात्रपाळीला तयार नाही. आणि मरणाचा विषय निघाला तर हसते.”

“सर, मी हो म्हटलं ना!”

“तोंडानं हो म्हटलंस. मानेनं नाही म्हटलंस. त्यांनी मानेचं ऐकलं.”

“आणि हसली कोण? मी हसलेच नाही!”

“रेकॉर्डिंग पाठवू?”

तिनं रेकॉर्डिंग पाहिलं. हसली होती. स्वतःचंच तोंड तिला परक्याचं वाटलं आणि तिनं मोबाइल उशीवर आपटला.

सरांनी पुन्हा मुलाखत मागून घेतली आणि तिला नियम दिले. मान फक्त वर-खाली. बोलताना सरळ डोळ्यांत बघायचं. उगाच हसायचं नाही. मोठ्या माणसासमोर नजर खाली ठेवायची हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. आता ते खरवडून काढायचं होतं. सराव घ्यायला घरात दोनच माणसं. वडील सुखराम वनखात्यातून रिटायर झालेले, आणि आई जिजाबाई. सुखराम खुर्चीत ताठ बसून केलरबाई झाले.

“रात्रपाळी करशीन का वं?”

“या,” संघमित्रा म्हणाली.

“मुंडी हालली तुही!” सुखराम ओरडले. “सरळ हालव ना, असी!” आणि दाखवताना त्यांची स्वतःची मान झाडाच्या फांदीसारखी दोन्हीकडं डुलली.

“बाबा, तुमचीच हालून राह्यली!”

“माही हालू दे. मले थोडीच जायाचं आहे जर्मनीले.”

स्वयंपाकघरातून जिजाबाई डोकावल्या. “कवापासून ‘या या’ करून राह्यली ही. कोनी पाहुना आला का? चहा ठेवू?”

संघमित्राला हसावं की रडावं कळेना. तेही आता विचार करूनच करायचं होतं.

सराव दवाखान्यातही तिच्या अंगाला चिकटून आला. तिथं दुर्गाबाई नावाची म्हातारी दाखल होती, मांडीचं हाड मोडलेलं. दुर्गाबाई बोलायची कमी. तिनं हनुवटी किंचित उचलून जिभेनं ‘च्क’ केलं की दुखत नाही. भुवया चढल्या की लघवीचं भांडं हवं. तळहात हवेत नुसता उलटा केला की ‘आता काय उरलं माझं’. संघमित्राला हे सगळं खोलीच्या दारातूनच कळे. तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि हे कुठल्या परीक्षेत मार्क मिळवून देणार नव्हतं.

म्हातारीचा मुलगा प्रेमलाल जवळच्या वारासिवनीला राइस मिल चालवायचा. तो आईला भेटायला आला आणि औषधांबद्दल विचारू लागला. संघमित्रा त्याच्या डोळ्यांत सरळ बघत, न हसता, मान वर-खाली करत उत्तरं देऊ लागली. दोन-तीन प्रश्नांतच त्याचा चेहरा बदलला.

“सिस्टर, आँखें किसको दिखा रही हो?”

“नहीं भैया, मैं तो सिर्फ...”

“मैं पूछ रहा हूँ और तुम ऐसे घूर रही हो जैसे मैंने कोई चोरी की है।”

पलंगावरून दुर्गाबाईनं हात हलवून मुलाला गप्प राहायची खूण केली, पण तो तोवर डॉक्टरांच्या केबिनकडं निघालाही होता. डॉक्टरांनी संघमित्राला बोलावलं आणि माफी माग म्हणाले. तिनं हात जोडले. जोडताना ओठ पुन्हा ताणले गेले, तेच ते अवघडलेलं हसू.

“देखिए,” प्रेमलाल डॉक्टरांना म्हणाला, “अब हँस रही है!”

तो गेल्यावर डॉक्टर थकल्या आवाजात म्हणाले, “जर्मनी जाना है तो जाओ, पर यहाँ हो तब तक यहीं की रहो।”

ती औषधांच्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. तिकडं न बघितलं तर भित्री, इकडं बघितलं तर उद्धट. तिकडं हसलं तर निर्दय, इकडं नाही हसलं तर मग्रूर. एकच तोंड दिलेलं माणसाला, आणि ते कुठंच पुरत नाही. तिनं रागानं कापसाचं बंडल दाबलं. तेही मऊ, त्याला काही झालं नाही.

दुसऱ्या मुलाखतीला पडद्यावर तीन माणसं होती. मधे केलरबाई, एका बाजूला दाढीवाले गृहस्थ, दुसऱ्या बाजूला तरुण नर्स. सुखराम आणि जिजाबाई दाराआड उभे होते. संघमित्रानं मान इतकी आवळून धरली होती की खांदे भरून आले. पहिले प्रश्न नीट पार पडले. मग दाढीवाल्यांनी विचारलं, एखादे आजोबा जेवायलाच तयार नसतील तर?

हा प्रश्न तिच्या ओळखीचा होता. ती सांगू लागली. आधी जवळ बसेन. घास पुढं करणार नाही. ताटाकडं बघतात की खिडकीकडं, ते बघेन. दात दुखतात, की बायकोची आठवण येते, की रागावलेत, ते हातांवरून कळतं. सांगता सांगता तिचे हात सुटले, मान सुटली आणि ती मनसोक्त डोलू लागली. मग तिला ते स्वतःच्याच लहान चौकटीत दिसलं. तिघंही तिच्याकडं एकटक बघत होते. एकाच्याही चेहऱ्यावर रेघ हलत नव्हती.

तिचं डोकं भडकलं.

“माझी मान अशी हलते,” ती जर्मनमध्ये म्हणाली, “तेव्हा मी नाही म्हणत नसते. मी ऐकते आहे, असं म्हणत असते. आणि मी हसले होते ते मरणाला नव्हे. मला तुमच्यासमोर रडायची लाज वाटली म्हणून हसले. तुम्ही मला काहीच विचारलं नाही. विचारायला हवं होतं. तुमचे चेहरे तर मला भिंतीसारखे दिसतात, तरी मी तुम्हाला निर्दय म्हटलं नाही.”

क्रियापदं कुठं गेली, तिला पत्ता नव्हता. मग दाढीवाल्यांनी बोटांच्या पेरांनी टेबलावर टकटक केली. त्या तरुण नर्सनंही केली. केलरबाईंनीही.

संघमित्राला शाळेतले गुरुजी आठवले. पोरं गोंधळ घालायला लागली की ते असेच टेबल ठोकायचे. मग छडी. म्हणजे संपलं, गप्प बस. तिनं ‘डांके’ म्हणून आभार मानले आणि कॉल कापला.

जिजाबाई आत आल्या तेव्हा पोरगी गुडघ्यांत डोकं घालून रडत होती.

“काय मनलं वं त्या रांडेनं?” त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता बंद पडद्याकडं बघून कडाकडा बोटं मोडली. “तिच्या घरी नाही टिकनार कोनतीच नर्स!”

“जाऊ दे ना,” सुखराम म्हणाले. “बालाघाटात काय कमी आहे?”

फोन वाजला. चंद्रशेखर सर.

“अगं, तू कॉल काहून कापलास? ते लोक घाबरले ना!”

“टेबल ठोकून हाकललं त्यांनी मला.”

“हाकललं?” सरांना हसू आवरेना. “संघमित्रा, तिकडं टेबल ठोकणं म्हणजे टाळ्या! तुझी निवड झाली!”

तिला आनंद झाला असता, पण आधी राग आला.

“मंग टाळ्याच वाजवायले काय झालतं त्याइले!” ती सरांवरच ओरडली. सरांशी ती कधी घरच्या बोलीत बोलली नव्हती. “आन् तुमी मले हे आधी काहून नाही सांगतलं?”

“मलाही आत्ताच कळलं. त्या केलरबाईंनीच सांगितलं. मी कुठं जर्मनीला गेलोय?”

ती फोनकडं बघतच राहिली. मानेचे, डोळ्यांचे, ओठांचे इतके नियम देणारा माणूस नागपूरच्या पलीकडं गेलाच नव्हता.

“बरं ऐक, त्या पुन्हा कॉल करताहेत, आत्ता. तोंड धुऊन घे.”

“कोणतं तोंड करू सर?” तिनं खरंच विचारलं.

तोंड धुवायलाही वेळ मिळाला नाही. पडद्यावर केलरबाई आल्या, एकट्याच. त्यांनी संघमित्राचे सुजलेले डोळे पाहिले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“तुम्ही दुःखी आहात की आनंदात?” त्यांनी विचारलं. “या वेळी मी विचारते आहे.”

“दोन्ही,” संघमित्रा म्हणाली. “आणि रागावलेय पण.”

बाईंनी एक भुवई उचलली. दुर्गाबाईची असती तर भांडं आणलं असतं. ही कशाची?

“तुमच्या भुवईचा अर्थ काय?” तिनं विचारलं.

केलरबाईंनी हात वर केले आणि त्या सांगायला लागल्या, बरंच मोठं, कदाचित मोलाचंही काही. पण दुसऱ्याच वाक्याला नेटवर्क गेलं. बाईंचा चेहरा अर्धवट उघड्या तोंडानं पडद्यावर थिजला.

“काय मनून राह्यली ती?” जिजाबाईंनी खांद्यावरून वाकून विचारलं. “हासून राह्यली का रागावली?”

“मले नाही माहीत, आई,” संघमित्रा म्हणाली आणि मोबाइल उंच धरून नेटवर्क शोधायला अंगणात गेली.