गल्लीच्या पोटातलं पाणी

बोअरवाल्याला कामासाठी कुणाचे उंबरठे झिजवावे लागत नसत. लोकच त्याला शोधत येत, आणि पाणी लागलं की घरातली म्हातारी माणसं त्याच्या चिखलानं माखलेल्या पाठीवरून हात फिरवत. कौतुक नव्हतं ते फक्त त्याच्या थोरल्या बहिणीला.

तिची रोपवाटिका होती. लांबलचक गल्लीच्या टोकाला पुढे लिंबू, डाळिंब, जाईच्या रोपांच्या रांगा, मागे राहतं घर आणि त्यामागे वडिलांनी खणलेली विहीर. विहीर फार खोल नव्हती, वाकलं की पाण्यात आपलं तोंड दिसे. त्या पाण्यावर तिनं रोपं वाढवली, दोन मुलींना मोठं करून सासरी पाठवलं, आणि आई लवकर गेली म्हणून या धाकट्या भावाचंही तीच सगळं करत आली.

मग समोरच्या मोकळ्या जागेत लाँड्री आली. साधीसुधी नव्हे, हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे कपडे, सगळं गाड्या भरभरून येई. लाँड्रीवाल्यानं बोअरवाल्याला बोलावलं, तेव्हा बहिणीनं त्याला आधी घरात बोलावलं.

"हे काम घेऊ नकोस," ती म्हणाली. "त्याच्या मशिनी दिवसभर पाणी ओढणार. विहीर किती दिवस टिकेल?"

"ताई, जमिनीखालचं पाणी कुणाच्या नावावर नसतं. आणि नाही म्हणायला कारण काय सांगू?"

"माझं नाव सांग."

तो हसला आणि खाली पुष्कळ पाणी आहे म्हणून तिची समजूत घालून निघाला. खरं तर पाणी लागेपर्यंत दर वर्षी आधीपेक्षा जास्त रॉड जोडावे लागतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण रोज दिसणाऱ्या गोष्टीकडे कानाडोळा करणं माणसाला फार सहज जमतं. त्यानं बोअर मारली. पाण्याचा फवारा उडाला, लाँड्रीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसला. मोटर आधी गढूळ पाणी ओढू लागली, मग नुसती हवा. बोअरवाल्याला हे कळलं ते बाहेरून. तो तसाच धावत आला आणि काठावर वाकून उभा राहिला. बहीण चार शब्द सुनावेल, या तयारीनं तो आला होता.

"आता माझ्याकडे मार," ती म्हणाली.

"मारतो."

"त्याच्यापेक्षा खोल मार."

त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. शेजारणीला फुकट रोपं देऊन वर ती कशी लावायची ते सांगायला तिच्या दारापर्यंत जाणारी त्याची ताई. कोरड्या विहिरीनं वाटलं नव्हतं इतकं वाईट त्याला त्या वाक्यानं वाटलं. तरीही त्यानं बोअरची गाडी आणली आणि लाँड्रीपेक्षा खोल बोअर मारली.

तिच्या रांगा पुन्हा भिजल्या आणि समोरच्या मशिनी बंद पडल्या. लाँड्रीवाला भांडायला आला नाही, उलट बोअरवाल्याला हात जोडून म्हणाला, "अजून खाली जाऊया." मग शिंप्यानं बोअर मारून घेतली, शाळेनं घेतली, कोपऱ्यावरच्या नव्या इमारतीनं दोन घेतल्या. गाडी एका फाटकातून निघाली की दुसऱ्यात शिरे. गल्लीतलं बोलणंचालणं आटलं. शेजारची मोटर सुरू झाल्याचा आवाज आला की लोक हातातलं टाकून आपली सुरू करायला धावत. बहीणही धावे. एकदा ती जिन्यावरून घसरली, पण आधी बटण दाबून आली आणि मग गुडघा चोळत बसली.

लिंबाची पानं कडेनं करपू लागली तेव्हा तिला वाटलं, रोग पडला. तिनं औषध मारलं. मग डाळिंब गेलं, मग जाई. कुंड्यांच्या काठावर पांढरट थर धरू लागला. तिनं नळाखाली ओंजळ धरली, घोट घेतला आणि थुंकला. मग भावाला फोन केला.

त्यानंही चव घेतली. पाणी मचूळ नव्हतं, चक्क खारट होतं.

"वरचं गोडं पाणी संपलं," तो म्हणाला. "आता खालचं खारं येतंय."

"परत कधी गोडं होईल?"

"पाऊस चांगला झाला की..."

"मला खरं सांग."

त्यानं हात पुसले. "आपल्या हयातीत नाही, ताई."

ती रडली नाही. चपला घालून रांगांमधून हिंडली आणि एकेक रोप उपटून, मुळांची माती झटकून ढीग लावू लागली. तोही तिच्या शेजारी बसून उपटू लागला. मुळं काळी पडली होती, हाताला लागताच तुटत होती.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मागच्या गल्लीतला खानावळवाला होता. त्याची बोअर आटली होती.

"खाली खारट आहे," बोअरवाला म्हणाला. "उगीच खोल जाऊ नका."

"भांडी घासायला चालेल हो. तुम्ही गाडी तर आणा."

"मी नाही मारणार."

धंद्यात पहिल्यांदाच तो नाही म्हणाला होता. बहिणीनं ते ऐकलं आणि हातातल्या मुळांची माती झटकली.

त्या आठवड्यात मोठी मुलगी आईला आपल्याकडे न्यायला आली. बोअरवाला रिकाम्या कुंड्या एकात एक रचून टेम्पोत चढवत होता, तेव्हा मागच्या गल्लीत घरघर सुरू झाली. कुणाची तरी दुसरीच गाडी होती. तिघंही जागच्या जागी थांबली. बराच वेळ दगड फुटल्याचा कोरडा आवाज येत राहिला, भिंतीवरून पांढरी धूळ उडून अंगणात बसली. मग आवाज एकदम बदलला, जड झाला, आणि पलीकडे माणसांनी टाळ्या वाजवल्या.

"लागलं वाटतं," मुलगी म्हणाली.

बहिणीनं पदरानं तोंडावरची धूळ पुसली आणि पुढची कुंडी उचलून भावाच्या हातात दिली.