कोच, पाठ फिरवा

व्हर्लिन ब्रुबेकरच्या मते अख्ख्या ओहायोतल्या शाळांत त्याच्याइतका कावेबाज अमेरिकन फुटबॉलचा बचाव-कोच दुसरा नव्हता. हे मत त्याच्या एकट्याचंच आहे, हे आता त्यालाही कबूल करावं लागत होतं. मोसमातला शेवटचा सामना. हरलो तर पुढच्या वर्षी बचाव दुसऱ्याच्या हाती, असं मुख्य कोच लोवेलने सकाळीच तोंडावर सांगितलं होतं. म्हणजे उरलं काय, तर वर्गात भूगोल! वीस वर्षं त्याने तोही फुटबॉलची चित्रं काढतच शिकवला होता.

डाव तसा साधा. सहा गडी रेषेवर असे दबा धरून उभे राहणार, की आता समोरच्या क्वार्टरबॅकवर, म्हणजे पास फेकणाऱ्या गड्यावर, सगळ्यांची धाड पडलीच म्हणून समजा. चेंडू सुटला की कधी त्यातले तिघं गुपचूप मागे सरकून पासच्या वाटा अडवणार, कधी सहाच्या सहा खरोखर तुटून पडणार. समोरच्याला शेवटपर्यंत पत्ता लागता कामा नये. पण त्यांच्या लाल हेल्मेटवाल्या क्वार्टरबॅक पोराला आज दर वेळी बरोब्बर पत्ता लागत होता. धाड आली की चेंडू झटकन मोकळ्या जागेत. नाही आली की बेटा निवांत उभा.

आठ सेकंद उरले. आपल्याला चार गुणांची आघाडी, पण चेंडू समोरच्यांच्या हाती आणि आपल्याच दाराशी. लोवेलने खेळ थांबवला. बचावाचा कप्तान ओडेल धापा टाकत कडेला आला.

"कोण फोडतंय रे आपला डाव? कुणाचे पाय आधी हलतात?" व्हर्लिनने विचारलं.

"रागावू नका कोच. तुमचे."

"काय?"

"खरी धाड असली की तुम्ही चवड्यांवर उभे राहता. तो आमच्याकडे बघतच नाही, तुमच्याकडे बघतो. आत्ताच ओरडला, 'म्हातारा उंच झाला, येतायत!'"

लोवेलला हसू आवरेना. व्हर्लिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पापणीसुद्धा हलू नये म्हणून उन्हाळाभर त्याने पोरांचा जीव खाल्ला होता.

"मग आता खोटंखोटं उंच होतो ना! फसतील लेकाचे!"

"नको कोच, तुम्हाला नाटक जमत नाही. पाठ फिरवा."

व्हर्लिनने सहाही जणांना धाडीची खूण केली आणि प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहिला. चेंडू सुटल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे टाचा मेल्या आपोआप वर गेल्या. मागे धडाधड आवाज झाले, दोन्हीकडून आरोळी उठली. कोण जिंकलं? समोर त्याची बायको ओपल ताडकन उठली होती, आणि तिच्या थर्मासातली कॉफी शेजारी बसलेल्या पाद्रीबाबांच्या मांडीवर सांडत होती.

"अगं, झालं काय?"

"मला काय कळतंय त्यातलं! तुझी सगळी पोरं त्या लालवाल्याच्या उरावर बसलीयत!"

व्हर्लिन मटकन गवतातच बसला आणि लहान पोरासारखा रडला. वीस वर्षांत एकदाच डाव अस्सल जमला होता, आणि तेवढाच नेमका त्याने पाहिला नव्हता.

लोवेलने त्याला हात देऊन उठवलं. "बचाव तुझाच राहिला, व्हर्लिन. पण यापुढे कायम असंच उभं राहायचं."

"कायम?"

"कायम."

"चालेल," व्हर्लिन म्हणाला. "ओपलला तेवढं खेळाचे नियम शिकवायला हवेत."