निळ्या गुलाबाची लाल झाडं

दोघी बहिणींनी शिवणकामाच्या दुकानात उभी हयात काढली. केस पिकल्यावर भाच्याने त्यांना एक व्हिडिओ गेम आणून दिला आणि दुकानामागच्या खोलीत थोरलीला त्यातल्या बागेचं वेड लागलं. गेममध्ये दोन रंगांची झाडं शेजारी लावून पाणी घातलं की मध्ये एखाद्या वेळी तिसराच रंग उगवे. थोरलीला निळा गुलाब हवा होता. वर्षभर खपून तिने काही लाल झाडं तयार केली होती. दिसायला अगदी विकतच्या लाल झाडांसारखी, पण निळा त्यांच्याच पोटी येणार होता. म्हणून ती कोपऱ्यात वेगळी ठेवलेली.

त्या दुपारी थोरली एका कोटाला काजं करत बसली होती. धाकटीने बाग आवरायला घेतली. दुकानातली रिळं लावतात तशी तिने झाडं रंगवार लावली. सगळी लाल एका रांगेत.

"बघ गं ताई, कशी दिसतेय."

थोरली पडद्याकडे बघतच राहिली. "कोपऱ्यातली कुठायत?"

"लालच होती की. लालांत लावली."

थोरलीने मोजायची लाकडी पट्टी उचलली आणि तिच्या कानशिलात हाणली. "मेले, माझं अख्खं वर्ष मातीत घातलंस."

धाकटीने पट्टी हिसकावून तिची नडगी फोडली. "रिळं मिसळली की लहानपणी तूच बदडायचीस ना मला?"

थोरलीच्या हाती कात्री लागली. धाकटीने तळहात आडवा धरला. टोक हाडापर्यंत गेलं.

धाकटी ओरडली नाही. अस्तराचा तुकडा हाताला गुंडाळून ती पुन्हा गेमपुढे बसली आणि लाल रांगेवर येऊन तिने उपटायच्या बटणावर अंगठा ठेवला.

"माफी माग, ताई. आजची आणि तेव्हाचीही."

"आधी ते बटण सोड. त्यातच आहेत ती."

"म्हणून तर म्हणते."

धाकटीने एक लाल झाड उपटून गेममधल्या समुद्रात टाकलं. "हे जिन्यातल्या माराचं." दुसरं उपटलं. "हे मैत्रिणींसमोर झिंज्या धरल्यास त्याचं."

थोरलीने तिचा जखमी हात धरून पिळला. अस्तरातून रक्त ठिबकून मांडीवरून खाली गेलं. धाकटीच्या दुसऱ्या हाताचा अंगठा चालूच राहिला, लाल झाडं एकेक करून समुद्रात जात राहिली.

"एकच लाल उरलंय," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "नुसतं चुकलं म्हण."

थोरलीने हात सोडला. ओठ हलले. मग तिने खाली पडलेला कोट उचलून उजेडात धरला.

"गिऱ्हाइकाच्या कोटावर रक्त सांडलंस. धुऊन टाक."

धाकटीने बटण दाबलं.