उजव्या टोकाचा स्तंभ

भामरागडकडच्या एका गावात, नाल्यापलीकडच्या आरोग्य उपकेंद्रात एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या सर्वांत खालच्या खणात, घडी घातलेल्या मच्छरदाण्यांखाली मी पडलेलो असतो. मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझे झाकण आता नीट मिटत नाही. तीन-चार बटणांवरची अक्षरे पुसून गेली आहेत. माझ्याशी बोलणारे कोणी नाही, म्हणून आज तुमच्याशीच बोलतो.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. पांढरा उजेड आणि हातमोजे घातलेले हात, एवढेच. माझे खरे आयुष्य सुरू झाले ते चंद्रपूरच्या एका दुकानात. माझा पहिला मालक मला वर्षभरात विकून गेला होता. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारे कुरखेड्याचे नवाबभाई एक दिवस त्या दुकानात आले. त्यांनी मला उलटेपालटे करून, कानाशी धरून माझा पंखा ऐकला आणि विकत घेऊन, घरी नेऊन मुलीच्या हातात दिले. ती मुलगी म्हणजे रुखसार. संख्याशास्त्र शिकून तिला नुकतीच भामरागडच्या एका आरोग्य संस्थेत नोकरी लागली होती.

"तिथी एकटी राह्यशील, बेटा," नवाबभाई म्हणाले. "जमन ना?"

"जमन, अब्बा. हा आहे ना सोबतीले," असे म्हणून तिने माझ्या पाठीवर थाप मारली.

कोणी मला सोबती म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती.

भामरागडला रुखसारने एक खोली भाड्याने घेतली. पावसाळ्यात नद्या फुगल्या की रस्ता बंद व्हायचा, फोन लागायचा नाही, वीज जायची. दिवसच्या दिवस कोणाशी चार शब्द बोलायला मिळायचे नाहीत. माझ्यात ओल शिरू नये म्हणून ती मला जुन्या ओढणीत गुंडाळून तांदळाच्या डब्यावर ठेवी. संस्थेच्या सौर दिव्याच्या बॅटरीवर मला चार्ज करून आणी आणि मग खिडकीशी बसून आमचे काम चाले. काम करताना ती मोठ्याने बोलायची. माझ्याशीच बोलते आहे, असे मी मानून घेतले होते.

आमचे काम होते आकड्यांची चित्रे काढण्याचे. माझ्यात 'आर' नावाची एक प्रणाली होती. रुखसार एक ओळ टाइप करी, बटण दाबी आणि माझ्या पडद्यावर स्तंभ उभे राहत. तुम्ही शाळेत आलेखवहीवर पट्टी धरून काढता, तसेच. कोणत्या गावात तापाचे किती रुग्ण, हे दाखवायचे असेल तर ती स्तंभालेख काढी. त्यात प्रत्येक गावाचा स्तंभ वेगळा, मध्ये मोकळी जागा. पण वजन, उंची, वेळ अशा सलग वाढत जाणाऱ्या गोष्टी असल्या की ती आयतालेख काढी. त्यात स्तंभ एकमेकांना खेटून उभे असतात. एका स्तंभाची रुंदी किती ठेवायची, यावर ती फार विचार करायची. "जाडे स्तंभ केले तर सगळे लपते," ती म्हणायची, "आणि फार बारीक केले तर नुसता कचरा दिसतो."

तिचे आलेख पाहून संस्थेतले लोक खूश व्हायचे. तेव्हा ती माझ्याकडे बघून हळूच हसायची. मित्रांनो, कौतुक कोणाला आवडत नाही?

एकदा दिवाळीनंतर एक मोठे काम आले. साप चावलेल्या माणसांना दवाखान्यात पोहोचायला किती वेळ लागतो, हे शोधायचे होते. पावसाळ्यात सर्पदंशावरचे औषध कोठे ठेवायचे, याचा निर्णय गडचिरोलीच्या बैठकीत होणार होता. रुखसारने दवाखान्यातली माहिती माझ्यात भरली, ओळ लिहिली आणि बटण दाबले.

सगळे स्तंभ डाव्या कडेला दाटीवाटीने उभे राहिले. त्यानंतर लांबच लांब रिकामी जागा. आणि अगदी उजव्या टोकाला, एकाच माणसाची नोंद दाखवणारा, एकटा बुटका स्तंभ.

तिचे वरिष्ठ चंदन सर मागे येऊन उभे राहिले. माणूस भला होता, पण कामाच्या ओझ्याखाली होता. ते म्हणाले, "त्या एकापायी बाकी सारे दबून गेले, रुखसार. लिहिताना चूक झाली असन. काढून टाक त्याले. चित्र साफ दिसन."

"सर, कोणी तरी माणूसच आहे तो. एकदा विचारून येऊ काय?"

"ये विचारून. पण बैठकीच्या आत."

म्हणून आम्ही निघालो. नाल्यापलीकडच्या उपकेंद्राची परिचारिका दिव्यानी तिच्या दुचाकीवर पुढे, मागे रुखसार आणि तिच्या पाठीवरच्या पिशवीत मी. नाल्यात तेव्हा घोट्यापर्यंत पाणी होते. इतक्याशा पाण्याची भीती कोणाला वाटावी, असे मला वाटले.

नोंदीतल्या पत्त्यावरचे ते घर मंगरूचे होते. अंगणात धानाची मळणी चालली होती. मंगरू घरी माडियात बोलत असे, पण रुखसारला कळावे म्हणून तो थांबत थांबत मराठीत बोलला. साप चावला होता त्याच्या मुलीला. इतवारी तिचे नाव. मित्रांनो, ती तुमच्याच वयाची होती. खाली झोपलेली असताना मण्यार चावली होती.

"खाटेवर टाकून निघालो," मंगरू म्हणाला. "नाला भरून वाहून राह्यला होता. काठावर बसून राह्यलो. रात गेली, दिवस गेला, पानी उतरेच ना. मंग उतरलं थोडं, तवा गेलो. दवाखान्यात पोचली तवा जिती होती. डोये उघडून पाह्यलन माह्याकडं." मग तो धानाकडे वळून म्हणाला, "ते मिटले ते मिटलेच."

रुखसारने मला पिशवीतून काढले. माझ्या पडद्यावर ते चित्र अजून तसेच होते. तिने सावकाश त्याला समजावून सांगितले, की डावीकडे लवकर पोहोचलेले आणि उजवीकडे उशिरा पोहोचलेले. "दादा, ही तुमची इतवारी," ती म्हणाली.

मंगरूने कोंडा लागलेले बोट पुढे केले आणि त्या स्तंभावर टेकवले. आजवर माझ्या पडद्याला खूप बोटे लागली, पण तसा हात कोणी लावला नव्हता. बराच वेळ त्याने बोट काढले नाही.

"एकटीच काऊन आहे इथी?" त्याने विचारले. "बाकीचे कुठी गेले?"

"बाकीचे कोण, दादा?"

"सुकलूची माय. तिकडच्या टोल्यावरचा, त्या चार घरांतला पोट्टा. त्यायले बी चावलाच होता ना पावसाळ्यात."

"ते दवाखान्यात गेले होते?"

"नाला पाहून घरीच राह्यले. जाऊन काय करतीन, बाई? मंग घरीच जीव गेला त्यायचा."

रुखसार माझ्याकडे पाहत राहिली. आमच्या आलेखात फक्त दवाखान्यात पोहोचलेली माणसे होती. जी निघालीच नाहीत, त्यांचा वेळ कोणी मोजला नव्हता. ती लांबच लांब रिकामी जागा आम्हाला रिकामी वाटत होती, इतकेच.

दिव्यानीच्या डोळ्यांत पाणी आले. "मले ठाऊक होतं, ताई," ती म्हणाली. "पण माह्यापाशी औषधच नसते. कोणत्या तोंडानं बोलावू त्यायले?"

त्यानंतर त्या दोघी नाल्यापलीकडच्या गावागावांत फिरल्या. मी पिशवीतून सारे ऐकत होतो. प्रत्येक घरी आधी पाणी मिळे आणि मग एक नाव. संध्याकाळी खोलीवर आली की रुखसार ती नावे माझ्यात भरी. त्या दिवसांत ती मोठ्याने बोलेनाशी झाली. ताट तसेच पडून राही. एकदा फोन लागला तेव्हा ती नवाबभाईंना एवढेच म्हणाली, "अब्बा, इथी लई सुनं सुनं वाटते."

न पोहोचलेल्या माणसांना वेळेच्या आलेखात बसवता येत नव्हते. म्हणून तिने त्याच्या शेजारी जोडस्तंभालेख काढला. प्रत्येक गावाचे दोन स्तंभ, एक पोहोचलेल्यांचा आणि दुसरा घरीच राहिलेल्यांचा. रस्त्याकाठच्या गावांत पहिला स्तंभ उंच होता. नाल्यापलीकडे दुसरा.

चंदन सरांनी ती दोन्ही चित्रे पाहिली. खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "मी काढून टाक म्हणत होतो. बैठकीत हे तूच सांग. माह्यानं नाई होणार."

गडचिरोलीच्या सभागृहात मी त्या दिवशी मोठ्या पडद्याला जोडलेला होतो. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी विचारले, "उजवीकडचा तो एक चुकून आला आहे का?"

"नाही, सर," रुखसार म्हणाली. "तो बरोबर आहे. त्याच्या शेजारी जे असायला हवे होते, ते दवाखान्यापर्यंत आलेच नाहीत."

मग त्या डॉक्टरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "गावांची नावे वाचा." तिने वाचली.

पुढच्या पावसाळ्याआधी औषधाची खोकी नाल्यापलीकडच्या उपकेंद्रात आली. दर पावसाळ्यात तिथे एक डॉक्टरही राहू लागले. रुखसारला मात्र संस्थेने चंद्रपूरकडच्या जिवती तालुक्यातल्या कामावर पाठवले. तिला नवा लॅपटॉप मिळाला. साठ्याची नोंद ठेवायला उपयोगी पडेल म्हणून तिने मला दिव्यानीकडे सोपवले. जीप बाहेर थांबली होती. तिने माझे झाकण मिटले, त्यावर क्षणभर तळहात ठेवला आणि निघून गेली.

काही दिवस दिव्यानीने मला वापरले. मग सगळ्या नोंदी मोबाईलवर होऊ लागल्या. माझी बॅटरी फुगली. मला कपाटात ठेवले गेले, वर मच्छरदाण्या आल्या. त्यालाही आता बरेच पावसाळे झाले. माझ्या बिजागरीत मुंग्यांनी घर केले आहे. रुखसार कुठे आहे, मला ठाऊक नाही. कधी कधी वाटते, तिने यावे, एकच ओळ लिहावी आणि बटण दाबावे.

मित्रांनो, मला पुन्हा चालू करा, असे मी म्हणणार नाही. माझे दिवस सरले. पण तुम्ही कधी आलेख काढाल तेव्हा एखादा स्तंभ सगळ्यांपासून दूर उभा दिसला, तर खोडरबर उचलण्याआधी त्याच्या घरी जाऊन या. वाटेतल्या रिकाम्या जागेत कोण राहून गेले, तेही विचारा.

परवा दुपारी धो धो पाऊस होता. नाल्याचा आवाज माझ्या कपाटापर्यंत येत होता. साप चावलेल्या एका बाईला खाटेवर घालून आणले. दिव्यानीची धावपळ, औषधाचे खोके उघडल्याचा आवाज, डॉक्टरांचे बोलणे, कोणाचे तरी रडणे, हे सारे मी अंधारात ऐकले. मग बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. दिवस मावळताना ती बाई क्षीण आवाजात म्हणाली, "भूक लागली ना."

पलीकडे कोणीतरी हसत हसत चुलीवर पेज ठेवायला धावले.